सुभेदारांनी बसवलेली चेन

सुभेदार गाडीच्या मालकाचं ऐकून घेत नसत. मागच्या चाकाशी उकिडवे बसत आणि स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चकतीवरची, चेन दोन बोटांत धरून मागे ओढत. चेन आणि दाते यांच्यामधून उजेड दिसला की गाडी किती धावली, मालक कसा चालवतो आणि तेल शेवटचं कधी पडलं, हे ते सांगत. बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

ते मूळचे खटावचे. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर, मुलीला मोहालीत नोकरी असल्याने, तिच्याकडे, मोहालीजवळच्या खरड गावी राहिले. इमारतीच्या पार्किंगमध्ये, तिकडे नोकरीला आलेल्या मराठी मुलांच्या जुन्या मोटारसायकली दुरुस्त करत. मुलं रविवारी त्याच गाड्यांवरून डोंगरात कसौलीला जात. मी इथल्या एका दैनिकात बातमीदार. मला ते 'पत्रकार' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी शोधत बसलो नाही.

माझी मोटारसायकल वीस वर्षांची. चेन दात्यांवरून घसरू लागली तेव्हा नुसती चेन बदलावी, असं मी सुचवलं. त्यांनी मागच्या स्प्रॉकेटकडे बोट केलं. दाते एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले होते. "जुन्या दात्यांवर नवी चेन घाला, महिन्याभरात तीबी म्हातारी होईल," ते म्हणाले. चेन, पुढचं लहान स्प्रॉकेट आणि मागचं मोठं, ही तिन्ही एकदमच बदलायची, हा त्यांचा नियम होता.

पुढचं एका दात्याने मोठं घेतलं तर हायवेवर इंजिन शांत चालतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी मी कुठे कुठे जातो ते विचारलं. रोज सेक्टर १७ आणि पंचकुला, महिन्यातून एकदा डोंगर. "मग चढावर कोण ढकलणार? तुमचे संपादक?" तो विषय तिथेच संपला.

मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये ते जुनी स्प्रॉकेटं पिशवीत घालून आले. दुकानदाराने एक पाकीट पुढे केलं. "सेम है जी, पक्का." सुभेदारांनी पाकीट फोडायला लावलं आणि नवं स्प्रॉकेट जुन्यावर ठेवलं. बोल्टची भोकं जुळली. तरी एका दात्यावर खडूची खूण करून त्यांनी मोजायला सुरुवात केली. दोन दाते कमी भरले.

"फौजीजी, दो दाँत से क्या होता है?"

"तेरे दो निकाल दूँ, फिर बताना."

चौथ्या पाकिटावर त्यांचं समाधान झालं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळं बसवलं. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवर एक लहान क्लिप असते. तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर ती कशाला तरी अडकून निघू शकते, आणि चालत्या गाडीची चेन सुटते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पंचकुल्यात गाडी लावताना मला ती उलटी दिसली.

क्लिप स्वतः फिरवून मी गप्प बसू शकलो असतो. पण त्या महिन्यात त्यांनी आणखी सहा गाड्यांच्या चेन बसवल्या होत्या. गाडी तिथेच ठेवून मी रिक्षाने खरडला गेलो आणि मोबाइलवर काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मोबाइल लांब नेला, जवळ आणला, आणि शेवटी मलाच विचारलं, "बंद टोक कुठल्या बाजूला हाय?" मी सांगितलं.

त्यांनी सबब सांगितली नाही. सहाही मुलांना स्वतः फोन केले. प्रत्येकाला तेच वाक्य होतं: "माझ्या हातनं चूक झालीय, गाडी हलवू नका, मी येतो." अंधार पडेपर्यंत आम्ही रिक्षाने फिरलो. मी वाकून पाहायचो, ते शेजारी उभे राहायचे. सहाही क्लिपा बरोबर होत्या. शेवटच्या गाडीपाशी मी म्हणालो, "साहेब, चुकली ती फक्त माझी."

"बाकीच्या बरोबर हैत, हे मला आत्ता कळतंय," ते म्हणाले. "लावताना कळायला पायजे होतं."

रविवारी मी पंचकुल्याला जाऊन माझी क्लिप सरळ केली आणि गाडी आणली. सोमवारी त्यांनी मला बोलावलं आणि पान्यांचा डबा आता तुमच्याकडंच राहू दे म्हणून माझ्या गाडीवर बांधून न्यायला सांगितलं. मी दोरी आवळली. गाठ पक्की बसली का, हे त्यांनी ओढून पाहिलं नाही. मला विचारलं.