अक्का आणि मास्तरांची पेटी

"बठा दोन्ही. आते भांडा."

एवढं म्हणून अक्का भांडण चाललेल्या घराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसत. उंबऱ्यावर बसू नये, असं आपल्याकडे म्हणतात. अक्का मुद्दाम तिथेच बसत. त्या अंगाने दांडग्या, गल्लीतली दारं अरुंद, त्यामुळे भांडणाऱ्या दोघांपैकी कोणालाच तणतणत बाहेर पडता येत नसे. मग पदराने वारा घेत त्या दोघांचंही ऐकत. मध्ये एक शब्द बोलत नसत. बोलून बोलून माणसं थकत, एखादा जण ओशाळून गप्प होई, आणि मग अक्का म्हणत, "झायं? आते पानी द्या माले."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नसेल, तर गल्लीत अबोले बरेच असतील.

आमची ख्रिस्ती गल्ली धुळ्यात पांझरेपासून जरा आत होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि अक्कांच्या शेजारी राहत होते. मध्ये फक्त एक कुडाची भिंत. अक्का आमच्या मंडळीच्या सेविका. आजाऱ्यांची विचारपूस करायची, बाळंतिणीच्या घरी दोन दिवस हात लावायचा, बायकांना प्रार्थनेला गोळा करायचं, ही त्यांची कामं. भांडणं मिटवायचं काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं.

एकदा त्या खुद्द पाळकसाहेबांच्या उंबऱ्यावर बसल्या. आत पाळकसाहेब आणि त्यांच्या बाई यांचं जोरात चाललेलं. पाळकसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "अक्का, हा आमचा घरगुती प्रश्न आहे."

"मंग? मी घरमाच बठेल शे," अक्का म्हणाल्या.

हे वाचून अक्का फार शांत स्वभावाच्या होत्या असं वाटेल. तसं मुळीच नव्हतं. त्यांचा राग गल्लीत प्रसिद्ध होता. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला त्यांनी असं काही सुनावलं होतं की तो पुढे कितीतरी दिवस मागच्या बोळातून यायचा. असं काही झालं की संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा पडलेला आवाज येई, "बाई, आज मन्ही जीभ खुट्टावरथून सुटनी." खुंट्याला बांधलेलं जनावर सुटून दुसऱ्याच्या शेतात शिरावं, तशी त्यांची जीभ. दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्याची वाट अडवून त्या उभ्या राहिल्या होत्या, ते माफी मागायला. तो बिचारा कॅन टाकून पळायच्या बेतात होता.

अक्का छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळातल्या. आईबाप वाटेत कुठेतरी गेले आणि ही पोर अनाथाश्रमात आली. पुढे लग्न झालं, नवरा लवकर वारला. नवीन माणूस ओळख झाल्यावर जरा वेळाने हळूच विचारायचाच, "अक्का, तुम्ही मूळच्या कोण?" आमच्यातही हे विचारणारे होते, कमी नव्हते. अक्का म्हणत, "माले काय माहीत? भूक लागेल व्हती, तेवढंच याद शे." 

त्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याकडून काही भिल्ल आणि पावरा कुटुंबं कापसाच्या हंगामात जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आली आणि इथेच राहिली. जिनाच्या मागच्या माळावर त्यांच्या झोपड्या होत्या. त्यांच्यातल्या काहींचा गावीच बाप्तिस्मा झालेला होता. रविवारी ती माणसं आमच्या देवळात येऊ लागली. त्यांच्यात एक म्हातारे होते, त्यांना सगळे आबा म्हणत. आबा दाराशी चपला काढून हात जोडत आणि शेवटच्या सतरंजीवर बसत. बाकीचेही त्यांच्यामागे बसत. पुढे जागा असली तरी त्यांना पुढे बसा असं कोणी म्हणत नसे, आणि तीही आपण होऊन येत नसत.

मिशनच्या मुलांच्या शाळेचे मास्तर मंडळीचे पंच होते. माणूस शिस्तीचा. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोलणं मोजकं. पेटी मात्र अशी वाजवत की रस्त्याने जाणारे थांबत. पेटी त्यांची स्वतःची होती, रविवारी शाळेचा शिपाई ती देवळात आणून ठेवी. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या हातांतून फिरत असे, पुढून मागे. एका रविवारी उपासनेनंतर सभा भरली आणि मास्तर उठून म्हणाले, "मागच्या मंडळींसाठी दुसरा प्याला करावा असं मला वाटतं. आरोग्याच्या दृष्टीने."

मागची मंडळी अजून मागेच बसलेली होती. सगळ्यांनी ऐकलं.

 पुढच्या सतरंजीवर काही माना हलल्या, काही खाली गेल्या. पाळकसाहेब घसा साफ करत होते, आणि तेवढ्यात बायकांतून अक्का उठल्या.

"मास्तर, त्या दुष्काळमा तुमना बाप फाटेल धोतरमा या मिशनना दारशी ऊना व्हता. तुमी त्यास्ना खांदावर व्हतात, नाक गळी राह्यंतं. मी तठेच रांगमा व्हती. एकच पातेलं व्हतं आनि एकच पळी. तव्हय कोनी नही म्हने, याले येगळं ताट द्या."

सभेत हशा पिकला. गळणाऱ्या नाकावर जास्त. मास्तरांच्या शाळेतली पोरंसुद्धा हसली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, खटका लावला, आणि ते निघून गेले. दुसऱ्या प्याल्याची गोष्ट तिथेच संपली.

घरी येताना गल्ली अक्कांचं कौतुक करत होती. अशीच जिरवायला पाहिजे होती, असं जो तो म्हणत होता. अक्का सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या. त्या दिवशी त्यांची चूल पेटली नाही. मी भाकरी घेऊन गेले तर त्या खाली मान घालून बसल्या होत्या.

"तुम्ही तर जिंकलात, अक्का," मी म्हटलं.

"जितनी. पन भाऊ गया ना, बाई."

आणि झालंही तसंच. पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. पेटी नाही म्हणून गाणी कशीतरी ओढत नेली जात, अक्कांचा बेसूर आवाज सगळ्यांच्या वर. आणि शेवटच्या सतरंज्याही रिकाम्या राहिल्या. दुसरा प्याला झाला नाही, पण तो करावा असं कोणाच्या तरी मनात आलं, हे आबांच्या माणसांनी कानांनी ऐकलं होतं. अक्का माळावर जाऊन आल्या. आबांनी त्यांना पाणी दिलं, बसायला गोणपाट दिलं, आणि सांगितलं, "अक्का, तू आम्हनी शे. पन मास्तर सोता बलावाले येवाव नही, तोपावत आम्ही येत नही." मास्तरांकडे निरोप गेला तेव्हा ते म्हणाले, "ज्यांच्यापायी माझ्या बापाची अब्रू गेली, त्यांना मी बोलवायला जाऊ?"

दोन घरं, दोन उंबरे. अक्का दोन्हीवर एकदम कशा बसणार?

एका संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. "चाल बाई. मास्तरकडे जानं शे."

"मी कशाला?"

"चार मान्सम्हा बोलनी, मंग माफी एकली जाईसन कशी मांगू? पाहनारं कोनी तरी पाह्यजे."

मास्तर ओसरीवर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या बायकोने आम्हाला बसा म्हटलं, पण अक्का बसल्या नाहीत. उंबऱ्यापाशीसुद्धा गेल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मी माफी मांगाले ऊनी शे. तुमना बाप भला मानूस व्हता. भूक काही लाजनी गोष्ट नही, पन मी ती लाजनी करी टाकी, लोके हसाडात. ते मन्हं चुकनं."

मास्तरांनी तोंड इकडे वळवलं. मग म्हणाले, "आणि प्याल्याचं?"

"प्यालानं बोलनी ते चुकनं नही. ते मी मांगे लेवाव नही."

"मग ही कसली माफी?"

"जेवढं चुकनं, तेवढानी," अक्का म्हणाल्या.

मास्तर उठून आत गेले. मला वाटलं, सगळं बिघडलं. परतताना मी तसं बोलूनही दाखवलं. अक्का मात्र झपझप चालत होत्या, मला त्यांना गाठावं लागत होतं. घरी जाऊन त्यांनी चूल पेटवली आणि वांग्याची भाजी केली, माझ्याकडेही पाठवली.

त्यानंतर आबांच्या नातीचं लग्न ठरलं. देवळात यायचं नाही, म्हणून माळावरच मांडव घातला. पाळकसाहेब तिथे जाऊन लग्न लावणार होते. त्या सकाळी अक्का पुन्हा मास्तरांकडे गेल्या. मीही बरोबर होते, कारण लग्नाला आम्ही दोघी मिळूनच निघालो होतो.

"पेटी द्या," अक्का म्हणाल्या. "पोरनं लगीन शे."

"वाजवणार कोण?"

"मी."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. अक्कांच्या गाण्याशी त्यांची ओळख जुनी होती. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. आतून त्यांची बायको चक्क हसली.

"तुम्ही माझ्या पेटीची वाट लावाल," मास्तर म्हणाले.

"लावसू," अक्का म्हणाल्या. "मन्हाकडथून दुसरं काय व्हई?"

मास्तर आत गेले. बाहेर आले ते कोट घालून आणि पेटी घेऊन. शिपायाला हाक मारायची त्यांना सवय, पण सुट्टीचा दिवस होता, शिपाई नव्हता. अक्कांनी एक कडी धरली, मास्तरांनी दुसरी. धुळ्याच्या भर रस्त्यातून ती दोघं पेटी घेऊन चालली होती, एक आडवी, एक उभा, आणि पेटी मध्ये तिरकी झालेली. वाटेत मास्तरांचे दोन विद्यार्थी भेटले, त्यांनी घाईघाईने सलाम केला. मास्तरांचा एक हात पेटीला, दुसऱ्याने धोतराचा सोगा सावरलेला. त्यांनी नुसती मान हलवली. चढावर अक्का म्हणाल्या, "जरा दम लेवा," आणि मास्तर थांबले.

आम्ही माळावर पोचलो. आबा मांडवातून पुढे आले. त्यांनी मास्तरांच्या हातातली कडी घेतली आणि पेटी आत नेली. मांडवात एकच खाट होती, तिच्यावर गोधडी पसरलेली. आबांनी मास्तरांना तिकडे हात केला, "बठा, मास्तर."

"पेटी खाटेवर बसून वाजत नाही, आबा," मास्तर म्हणाले, आणि खाली गोणपाटावर मांडी घालून बसले. मग त्यांनी पेटीकडे पाहतच सांगितलं, "मी बोलवायला आलोय. रविवारी या."

 आबांनी मातीचं मडकं वाकवून तांब्या भरला. स्वतः तोंड लावून प्याले आणि तांब्या मास्तरांपुढे धरला.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या मोजत असल्यासारखं वर पाहत होत्या.

मास्तरांनी तांब्या घेतला. वरून धार सोडली नाही. तोंड लावून प्याले, अर्धा तांब्या प्याले, कारण पेटी जड होती आणि ऊनही होतं. मग तो शेजारच्या माणसाला दिला. बायकांत एकदम कुजबुज सुरू झाली, कोणीतरी नवरीला हळद सारखी कर म्हणालं, एक पोर रडायला लागलं, आणि लग्नघर पुन्हा लग्नघर झालं. मास्तरांनी पेटी उघडली. अक्का सगळ्यात मोठ्याने गायल्या. मास्तरांनी दोनदा सूर वर धरून त्यांना सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला.

रविवारी आबांची माणसं आली. मास्तरांनी आपली सतरंजी उचलून मधोमध टाकली होती, त्यामुळे पुढे कोण आणि मागे कोण हे कळेनासं झालं. सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही. काही जण पुढेही कपाळाला आठ्या घालून बसत. पण प्याला एकच राहिला, आणि आम्हाला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पुढे आबा गावी परतले तेव्हा अक्कांनाही घेऊन गेले. "आम्हनाकडे भांडनं गंज शेत," म्हणजे तिकडे भांडणांना तोटा नाही, असं सांगून त्यांनी अक्कांना पटवलं. शिरपूरच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी ते गाव. अक्का तिथेच वारल्या. तेव्हा पावसाळा होता, तापीला पूर होता. बातमी आमच्यापर्यंत पोचली तोवर सगळं होऊन गेलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी, मास्तर आणि त्यांची बायको असे बैलगाडीने तिकडे गेलो. भल्या सकाळी पोचलो. अक्कांची कबर एका मोहाच्या झाडाखाली होती. झाडाची फुलं रात्रभर गळून खाली सडा पडला होता आणि गावातल्या बायका टोपल्या घेऊन ती वेचत होत्या. कबरीच्या भोवतीची वेचत होत्या, तशीच कबरीवरचीही.

मास्तर जरा अवघडले. "हे चालतं का?" त्यांनी विचारलं.

"अक्कानीच सांगं व्हतं," एक बाई मान वर न करता म्हणाली. "मन्हावर पडतीन तीबी येचा. वाया जावाले नको."

"पण मोहाची तर दारू..." मास्तर म्हणाले.

"भाकरमा घालतस," ती म्हणाली आणि एक रिकामी टोपली तिने त्यांच्यापुढे सरकवली.

मास्तरांनी गळ्याचं बटण सोडलं. मग दोन्ही गुडघे टेकून ते वेचू लागले. त्यांची बायको त्यांच्या बाजूला बसली, मीही बसले. फुलं ओलसर होती, बोटांना गोड वास लागत होता. उन्हं चढेपर्यंत आम्ही वेचत होतो.