रामाकोन्याचा फोन

मंगलाबाई आमच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिपाई आहेत. पण मुलींचा बास्केटबॉलचा संघ बाहेरगावी निघाला की त्या मॅनेजर होतात, कारण सोबत एक बाईमाणूस लागतंच आणि दुसरं कुणी जायला तयार नसतं. चॉकलेटी साडी, पायात खेळाडूंचेच जुने बूट आणि काखेत उलटीच्या पिशव्यांचा गठ्ठा. खेळाचे नियम त्यांना आजही ठाऊक नाहीत. पहिल्याच सामन्यात त्यांनी पंचाला सुनावलं होतं, "पोट्टी पडली तं उचला ना आधी! शिट्टी काय वाजवून राहिले?"

मला त्या आवडायच्या त्या त्यांच्या फोनमुळे. माझी लेक उर्वशी संघात आहे. संघ छिंदवाड्याला निघाला की माझा जीव सौसरच्या पुढच्या घाटात अडकतो. नेमका तेव्हाच त्यांचा फोन यायचा, "ताई, घाट पार झाला. उर्वशी मजेत आहे." मी देवापुढे साखर ठेवायची आणि कामाला लागायची.

यंदा घाटात संत्र्यांचा ट्रक उलटल्याचं कानावर आलं आणि मी उर्वशीचं जाणं बंद केलं.

"आई, आम्ही सगळ्या मिळून सहा. पूनमचा पाय मुरगळला, उरल्या नेमक्या पाच. मी नाही गेली तर टीमच उभी नाही राहत!"

शेवटी मी अट घातली, मीही येणार. तिनं कपाळावर हात मारला. "ये. पण माझ्या बाजूला बसू नको."

गजेंद्रभाऊंची गाडी निघाली. लंगडणारी पूनमसुद्धा ओरडायला म्हणून आली होती. जामसांवलीच्या मारुतीच्या वळणावर मुलींनी बसल्या जागी हात जोडले आणि लगेच भेंड्या सुरू केल्या. पुढे रामाकोना गावात भज्यांसाठी थांबलो. तिथे मंगलाबाईंनी माझ्यासमोर एकेका आईला फोन लावला. "हो वो प्रमिलाताई, घाट पार झाला. पोट्ट्या मजेत आहेत."

मी हातातलं भजं खाली ठेवलं. "मंगलाबाई, घाट तर पुढे आहे!"

"आहे ना."

"म्हणजे इतके दिवस मला..."

"तुमालेबी इथूनच सांगत होती." त्यांनी बोटावरची चटणी चाटली. "घाटात टॉवर नाही, ताई. फोन नाही लागला का तुम्ही आया घरबसल्या पोट्टीले दरीत टाकता अन् रडून मोकळ्या होता. मागं एकीचा बाप असाच गाडी घेऊन मागं आला, अन् पोरीले घरी घेऊन गेला. राहिलेल्या चौघी काय खेळतीन?"

"आणि तुमचं खोटं निघालं तर?"

"कशी निघू देईन?" त्या उठल्या. "सांगून बसली ना मी. आता खरं करा लागते."

घाटात मी पहिल्यांदा त्यांचं खरं काम पाहिलं. इतका वेळ बडबडणारी बाई गजेंद्रभाऊंच्या शेजारी ताठ बसली आणि रस्त्यावरून नजर काढेना. "हळू, भाऊ. हॉर्न वाजवा. त्या ट्रकवाल्याले जाऊ द्या पुढं. घाई त्याले आहे, आपल्याले नाही." उर्वशीला मळमळलं तेव्हा मान न वळवता त्यांनी मागे पिशवी दिली. पाठोपाठ दुसरी, माझ्यासाठी.

सामना आम्ही जिंकलो. उर्वशीनं शेवटचा बॉल टाकला तेव्हा मी डोळे मिटले होते. तो जाळीत गेल्याचं मला मंगलाबाईंच्या धपाट्यावरून कळलं.

परतताना उर्वशी आपणहून माझ्या बाजूला येऊन बसली. "आई, आता जबलपूर. येशील ना?" आवाज इतका गोड होता की त्यातलं 'नको येऊस' मला स्वच्छ ऐकू आलं.

आज सकाळी संघ त्याच घाटातून जबलपूरला निघाला, मी घरी राहिले. वेळेवर फोन आला. "ताई, घाट पार झाला." मागे कढई चरचरत होती आणि पूनम मिरचीची भजी मागत होती.

"बरं झालं," मी म्हणाले. "गजेंद्रभाऊंना सांगा, पार झालेला घाट जरा हळू चढा."

पलीकडून मोठ्यांदा हसू आलं.

फोन ठेवते तोच प्रमिलाचा आला. "काहून वो, मंगलाबाईचा फोन आला का तुले? मले तर नाही लागून राहिला!"

"आला ना. घाट पार झाला. खुशाल साखर ठेव देवापुढे."

मी स्वतः मात्र साखरेची वाटी हातात धरून बसले. घाटापलीकडच्या छिंदवाड्याहून उर्वशीचा आवाज ऐकला, तेव्हा ठेवली.