किडीची भोकं, मागणीनुसार

उद्घाटनाला तास उरला होता आणि शाळेचे सगळे नामवंत माजी विद्यार्थी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते. वर लाल स्टिकर: ‘वाळवी. हात लावू नका.’

शाळा मूळची इंग्लंडची, बरीच जुनी. ही तिची सिंगापूरची कोरी शाखा. इथून अजून एकही मूल शिकून बाहेर पडलेलं नाही. पण ऑनर बोर्ड हवेतच. ऑनर बोर्ड म्हणजे माजी विद्यार्थ्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेले लाकडी फलक. ते काम तुआस या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या इंटिरियर फर्मकडे आलं. मी तिथे प्रोजेक्ट मॅनेजर.

शाळेची मार्केटिंग हेड मृणाल पार्ल्याची, पण माझ्याशी चुकूनही मराठी बोलायची नाही. तिने यादी दिली. दोन बिशप, तीन जनरल, एक क्रिकेटर आणि कोणे एके काळचा साताऱ्याचा कलेक्टर. सातारा माझं आजोळ. तिथे या गृहस्थाने काय दिवे लावले, ते यादीत नव्हतं. ही शाळा गावातल्या अनाथ पोरांसाठी फुकट काढली होती, ही इतिहासाची पहिलीच ओळ तर तिने काट मारून उडवली.

“राँग मेसेज जातो,” म्हणाली.

पुढची फर्माईश, बोर्ड दोनशे वर्षांचे दिसले पाहिजेत. आमच्या धंद्यात याला एजिंग म्हणतात. नव्या लाकडाला चहाचं पाणी, मेण, काजळी लावून म्हातारं करायचं. बाईसाहेबांना त्यावर किडीची भोकंही हवी होती. आमचे सुतार टॅन अंकल यांनी तीन दिवस बसून बारीक ड्रिलने एकेक भोक पाडलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या फॅसिलिटी मॅनेजरने ती भोकं पाहिली. हा माणूस वाघाला भिणार नाही, पण वाळवीला भितो. त्याने तडक पेस्ट कंट्रोल बोलावलं.

आता इंग्लंडहून आलेले हेडमास्तर त्या प्लॅस्टिकसमोर उभे. भोकं मुद्दाम पाडून घेतली, हे त्यांना सांगायची मृणालची छाती नव्हती. अंकल शेवटचा हात फिरवायला आले होते. तिने सरळ त्यांच्याकडे बोट दाखवलं.

“यांनी किडकं लाकूड वापरलं.”

लगोलग तिने माझ्या बॉसलाही कळवलं. त्याचा मला फोन. “अंकलला घरी पाठव. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं नाही.”

अंकल अडुसष्ट वर्षांचे. दुसरीकडे कोण घेणार? ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत एवढंच म्हणाले, “मॅडम वाँट ओल्ड, आय मेक ओल्ड लाह.”

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे काम सुरू करण्याआधी क्लायंटची सही घेतात. त्या कागदाला साइन-ऑफ म्हणतात. मी तो बॅगेतून काढला. मृणाल जवळ सरकली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचं मराठी ऐकलं.

“अगं, सांभाळून घे ना. आपण आपली माणसं.”

“अंकलही माझेच आहेत,” म्हटलं आणि कागद हेडमास्तरांच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्याने वाचला. ‘किडीची भोकं, दीड मिलिमीटर, प्रत्येक बोर्डावर चाळीस, वेडीवाकडी.’ खाली मृणालची सही. त्यांनी चष्मा काढला.

“कमाल आहे. आमच्या बोर्डांना खरी कीड लागली, तेव्हा आम्ही ते जाळले आणि प्लायवूडचे केले.”

अंकलचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. भोकं पुट्टी भरून बुजवायचं कामही त्यांनाच मिळालं. धडा एवढाच, की कुणाला उसनं मोठेपण करून द्यायचं असेल, तर आधी सही घ्यावी.

साताऱ्याच्या कलेक्टरच्या नावातली दोन भोकं बुजवायची राहिली. मला दिसली होती. मी बोलले नाही.