सारूकाकूंचे जास्तीचे कलम

सन १९३९, वैशाखातला शनिवार. प्रार्थनामंदिरामागचे पेव उपसायचे होते. सुगीत आमच्या ख्रिस्ती मंडळीने अर्पण केलेली ज्वारी जमिनीतल्या त्या खोल खड्ड्यात ठेवलेली असे, आणि ती काढून वाटण्याचे काम माझ्याकडे होते.

त्या दिवसांत माझे मन कोरडे पडले होते. दर रविवारी उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कलमे, म्हणायचा, तोही पाढ्यांसारखा. त्याने कुणाचे काय भागते, असे वाटे. सारूकाकूंचे तसे नव्हते. त्या नगरकडून आलेल्या विधवा. ‘ख्रिस्ताला पुरले’ यापुढे त्यांच्या पाठात ‘अधोलोकात उतरला’ असे एक कलम होते. आमच्या पंथाने ते ठेवले नव्हते. आम्ही थेट तिसऱ्या दिवसाला, त्याच्या पुन्हा उठण्याला, जायचो आणि काकूंचा घोगरा आवाज एकटाच मागे राहायचा. माझी धाकटी जाऊ मार्था त्यांना चिडवायची, “काकू, आमी उठून वर आलो, तुमी अजून खालीच!”

“असू दे गं. खाली बी कुणी जायला पायजे का न्हाई?” काकू म्हणायच्या.

फाल्गुनात त्या वारल्या.

पेवाचे तोंड सकाळपासून उघडे होते. मार्थाने घाईघाईत कंदील अर्ध्यापर्यंत सोडून पाहिला. तो जळत राहिला. ती उतरली. एक टोपले भरून वर आले, दुसऱ्याच्या वेळी हाकेला ओ आली नाही.

शेजारचे शिवलिंगअप्पा गड्याला घेऊन धावत आले. “बाई, खाली हवा खराब हाय, उतरू नका,” ते म्हणाले. मी कमरेला दोर बांधला, ओला पदर नाकाला लावला आणि उतरले.

पेव खाली रुंद होत जाते. काळोखात मार्था कुठल्या अंगाला पडली ते कळेना. डोके जड झाले. तेवढ्यात डावीकडून विश्वासांगीकार ऐकू आला. घोगरा, सावकाश. मी भ्याले, पण हात तिकडेच लांबवला. हाताला मार्थाची वेणी लागली.

दोर एकच होता. तो सोडून मी तिला बांधला. ती वर जाताना तिच्या अंगाने पेवाचे तोंड बुजले आणि उरलासुरला उजेड गेला. श्वास पुरेना, प्रार्थनेचा एक शब्द फुटेना. आवाज मात्र चालू होता. तो त्या कलमापाशी आला आणि पुढे गेलाच नाही. तेच, पुन्हा तेच, अगदी माझ्या कानाशी. दोर तोंडावर येऊन पडेपर्यंत.

वर आले तेव्हा मार्था ओकत होती, पण जिवंत होती. अप्पा पेवात वाकले होते. “अजून कोण हाय खाली? ती म्हातारी बोलायलीय, तिला काढायची का न्हाई?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. त्यांनी कंदील तळापर्यंत सोडला. तो विझला.

ते काय होते, मी सांगू शकत नाही, आणि त्यावर वादही घालणार नाही. दोर सोडल्यावर माझ्या हाती काही नव्हते, विश्वाससुद्धा नव्हता. तो माझ्यासाठी दुसरे कुणी म्हणत होते, आणि तेवढ्यावर मी तगले. देवाचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेत मंडळी तिसऱ्या दिवसाला निघाली आणि मी मागे राहून ते कलम म्हटले. मार्था शेजारी उभी होती. ती थांबली. मग आम्ही दोघी, सगळ्यांच्या मागून, वर आलो.