धुतलेला शर्ट

धाकटा भाऊ माथेरानला घोडा चालवायचा, आठवड्यानं लोधिवलीला घरी यायचा. त्या दिवशी आला तो रक्तानं भरलेल्या शर्टातच. दगडावर घोड्याचा पाय फाटला होता, पट्टी बांधताना यानं तो मांडीवर घेतलेला. "घोड्याचं रगत हाय गं ताई, डाग बसंल," म्हणाला. मी गार पाण्यात साबण लावून शर्ट घासला.

दोन दिवसांनी त्याच्याशी भांडण झालेला घोडेवाला घाटात मारून टाकलेला सापडला. पोलिसांनी भावाला नेलं, शर्टही नेला.

ठाण्यात अधिकारी म्हणाले, "खिशाजवळ औषधाचा थेंब टाकला, गुलाबी झाला. रक्त आहे."

"रगतच हाय साहेब. पण घोड्याचं."

"ते या थेंबातून कळत नाही. मग धुतला कशाला?"

डाग जावा म्हणून, हेच खरं उत्तर होतं. मी तेच सांगितलं, त्यांनी तसंच लिहून घेतलं.

शर्ट मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला, भाऊ तुरुंगात. काही महिन्यांनी अहवाल आला: रक्त आढळले, माणसाचे की जनावराचे ते ठरवता येत नाही. वकील म्हणाले, साबणानं आणि घासण्यानं नमुना खराब झालाय. त्याला मीच अडकवलं होतं. घरी आईला "तारीख पडली" एवढंच सांगितलं. भेटीला जायचे तेव्हा भाऊ घोड्याच्या पायाची चौकशी करायचा, माझ्याकडं बघायचा नाही.

वकिलांनी अर्ज करून पुन्हा तपासणी मागितली. या वेळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी खिशाची शिवण उसवली. दुमडलेल्या कापडात साबण पोचला नव्हता, दोन-चार तपकिरी धागे शिल्लक होते. ते त्यांनी मिठाच्या पाण्यात भिजवले. कोर्टात त्यांनी सांगितलं, "माणसाचं रक्त ओळखणाऱ्या द्रवासमोर हा अर्क ठेवला, काही झालं नाही. घोड्याचं ओळखणाऱ्या द्रवासमोर ठेवला, मध्ये पांढरी रेघ उमटली. म्हणजे रक्त घोड्याचंच."

दुसरा पुरावा नव्हताच. भाऊ सुटला.

बाहेर मेलेल्या माणसाची बायको उभी होती. "घोड्याचं रगत व्हतं, कळलं मला," ती म्हणाली. "मंग माझ्या मानसाला कुनी मारलं?"

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.