दीड महिना की तीन महिने

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरात सुनेची पाळी सासूबाईंच्या ध्यानात असायची. मी बाजूला बसले की स्वयंपाक त्यांच्या अंगावर पडायचा, त्यामुळे मी कधी बसले होते हे त्या माझ्यापेक्षा पक्कं सांगत.

नणंदेचं लग्न ठरलं आणि माझी पाळी नेमकी हळदीच्या दिवशी येत होती. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सासूबाईंना अजिबात चालत नसत. पण नवऱ्याला बहिणीच्या हळदीत मी हवी होते. त्यानेच मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणून दिल्या. लग्न थाटात झालं, मी मिरवून घेतलं, आणि पाळी आली ती नंतर, बारवी धरणाकडच्या माझ्या माहेरी. सासूबाईंना तिचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर लगेच दिवस राहिले. सासूबाई मात्र लग्नाच्या आधीपासून मोजत होत्या. माझा दीड महिना झाला तेव्हा त्यांचे तीन होत आले होते. मी नवऱ्याला म्हटलं, आता आईंना सांगून टाकू. तो म्हणाला, "आईला कशाला? डॉक्टरला मी बरोबर सांगतो ना." मी विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

एक दिवस थोडा डाग दिसला म्हणून सासूबाई, नवरा आणि मी रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या दवाखान्यात गेलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, सोनोग्राफीचं मशीन तिथे नवीनच होतं. पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन टेबलावर झोपले. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, बाहेर जाऊन घरच्यांशी बोलले. मग नर्स आली. "बच्चा बढ़ा नहीं है. सफाई करनी पड़ेगी." मी दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, याने खरी तारीख सांगितलीय, तरीही असंच निघालं. त्याच दिवशी पिशवी साफ केली.

आठवड्याभराने सासूबाई मला पेज वाढताना म्हणाल्या, "डॉक्टरने किती झाले विचारलं. मी सांगितलं, तीन होत आले. म्हणाले, मग ठोके दिसायला पाहिजे होते. हा होताच की बाजूला."

तो कामावरून आल्या आल्या मी जाब विचारला. "आईसमोर गोळ्यांचं कसं बोलणार होतो?" एवढंच म्हणाला आणि चहा मागितला. त्याला फोडून काढावंसं वाटलं मला. आईची बोलणी चुकवायला या माणसाने माझं मूल जाऊ दिलं. ते खरंच वाढायचं थांबलं होतं की नुसतं लहान होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

दोनेक वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी बदलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. तारीख माझ्या तोंडाने सांगितली. मशीनवर टिकलीएवढा काळा ठिपका दिसला, बाकी काही नाही.

"साफ करावं लागेल?" मी विचारलं.

"अहो, इतक्यात कसलं साफ करताय? अजून लवकर आहे. दहा-बारा दिवस थांबू आणि परत बघू."

मी तिथेच ढसाढसा रडले. इतकं साधं होतं ते. बाईंना वाटलं, मी घाबरलेय.

पुढच्या खेपेला ठोके दिसले. बाई खूश होऊन म्हणाल्या, "मिस्टरांना आणलं नाहीत? त्यांनाही दाखवलं असतं."

मी म्हटलं, "ते बाहेरगावी गेलेत."

त्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो घरीच होता.