आत्याचा व्हिडिओ काढून टाका

माझी आत्या बरी झाली नव्हती. ती वारली.

आज वर्ष झालं.

हे सांगावं लागतंय, कारण आज सकाळी सावनेरच्या एका ओळखीच्या बाईंनी मला तिचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. सोबत जोडलेले हात आणि "प्रभूची स्तुती असो". आत्या गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

व्हिडिओत ती स्टेजवर उभी आहे. डोक्याला रुमाल, हातात माइक. म्हणते, प्रभूनं मला कॅन्सरमधून पूर्ण बरं केलं. मागे कीबोर्ड वाजतोय. लोक रडताहेत.

ज्या प्रार्थना हॉलमध्ये तो काढला, त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर तो अजून आहे. खाली आजारी माणसं प्रार्थनेसाठी आपापली नावं लिहितात.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी. शालिनीआत्या शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये संडेस्कूल घ्यायची. जुनं, मिशनच्या काळातलं चर्च. वस्तीतल्या सगळ्या पोरांना प्रार्थना करायला तिनंच शिकवलं. कुणी फार ओरडून प्रार्थना केली की कानाशी येऊन म्हणायची, "हळू बोल गा. देवाले ऐकू येते."

तिच्या छातीत गाठ निघाली. धंतोलीतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आलात, उपचार पूर्ण करा. केमो सुरू झाली.

आमच्या चर्चमधून पाळक एकदा आले. बूट न काढता दारातच प्रार्थना करून गेले. त्यांना कमिटीच्या निवडणुकीची मीटिंग होती.

त्या प्रार्थना हॉलची माणसं मात्र रोज यायची. डबा आणायची. तिचे पाय चेपायची. हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. आपल्या लोकांनी तिला एकटं टाकलं, म्हणून ती तिकडे गेली.

एका रविवारी तिथल्या उपदेश करणाऱ्या ब्रदरनं तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला आणि प्रभूनं बरं केलं अशी स्टेजवरून साक्ष द्यायला सांगितलं. ती म्हणाली, अजून तपासणी झालेली नाही. तो म्हणाला, साक्ष आधी द्यायची, आरोग्य मागून येतं. थांबणं म्हणजे शंका घेणं.

तिनं साक्ष दिली. तोच हा व्हिडिओ.

पुढच्या केमोच्या दिवशी मी ऑटो घेऊन गेले. ती पलंगावर बसून होती. साडीसुद्धा बदलली नव्हती. मी विचारलं, काहून नाही येत.

"साऱ्यांसमोर सांगितलं वं मी, बरी झाली म्हणून. आता सुई टोचून घेतली तं खोटी पडीन."

"पड ना मग खोटी."

"मी पडली तं चालते. प्रभू खोटा पडते."

ऑटो रिकामाच परत गेला.

एका आजारी बाईच्या अंगावर यांनी देवाची अब्रू टाकली. तिच्या शरीरानं ती राखायची. नाही राखली तर दोष तिचा.

पाचशे वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून अख्खं चर्च दुभंगलं होतं. माणूस आपल्या कमाईनं तरत नाही, कृपेनं तरतो. आम्ही प्रोटेस्टंट म्हणवतो ते त्यासाठी. आणि इथं विश्वासाचीच कमाई करून टाकली. इतका विश्वास भर, इतकं आरोग्य ने.

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूनं स्वतः बागेत मागितलं होतं, हे दुःख टळू दे. टळलं नाही.

त्याचाही विश्वास कमी पडला का? कुणीतरी स्टेजवर चढून हे सांगावं.

उन्हाळ्यात ती कोसळली. त्याच डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, आता उशीर झाला. ब्रदरचा फोन आला. कुठंतरी शंका राहिली असेल, म्हणाला, शालिनी सिस्टरला ती शोधायला सांगा.

शेवटचे दिवस आत्यानं ते शोधण्यात घालवले.

"माझ्यात काय कमी पडलं वं?"

मी तिला तिचंच शिकवणं सांगितलं. लहानपणी आम्ही विचारायचो, आपला विश्वास सुटला तर? ती म्हणायची, आपण त्याले धरून नाही राहिलो, तो आपल्याले धरून राहिला.

तिनं ऐकलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

"ते लेकरांले सांगाले ठीक होतं."

तिचा जीव कॅन्सरनं घेतला. पण भिंतीकडे तोंड करून ती बोलली ते वाक्य तिच्या तोंडी त्या ब्रदरनं घातलं. त्याला मी क्षमा केलेली नाही. करावी लागेल, ते मला माहीत आहे.

आज नाही.

दफनाच्या वेळी तो पुढेच उभा होता. म्हणाला, आमच्या सिस्टरला आता सर्वात मोठं आरोग्य मिळालं. कुणी काही बोललं नाही. आमचे पाळकही नाही. त्या दिवशी मात्र ते वेळेवर आले होते.

आज सकाळी मी व्हिडिओखाली लिहिलं: ही माझी आत्या. हिनं उपचार सोडले आणि ही वारली.

कमेंट डिलीट झाली. पुन्हा लिहिली. मग मला ब्लॉक केलं.

त्याआधी मी एक प्रश्न वाचला होता. काटोलच्या एका मुलीनं विचारलंय, माझ्या आईलाही हेच आहे, पुढची केमो थांबवू का. चॅनेलचं उत्तर आहे: सिस्टरकडे बघा आणि विश्वास धरा.

सिस्टर मेली आहे.

तुमच्यापैकी काटोलकडचं कुणी असेल, तर हे त्या मुलीपर्यंत पोहोचवा. बाकीच्यांनी व्हिडिओ रिपोर्ट करा.

पोरी, तू वाचत असशील तर आईला केमोला घेऊन ये. दवाखान्यात गेल्यानं देव खोटा पडत नाही. राहायची सोय नसेल तर माझ्याकडे उतरा. मी येईन सोबत. आत आईला सलाईन चालू असेल तेव्हा आपण बाहेर बाकावर बसून प्रार्थना करू.

आत्या, तुझ्यात काही कमी नव्हतं.

ही श्रद्धांजली रागानं भरलेली आहे. आज माझ्याकडे दुसरा भाव नाही.

सर्वांना प्रभूत सलाम.